17 सप्टेंबरची घाई नको: अडीच वर्षं बंद असलेलं कलासंग्रहालय उघडताना

ऑगस्ट 2022 मध्ये आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी, एका जुन्या वाड्यात, संस्थेचं चार दालनांचं कलासंग्रहालय. मार्च 2020 च्या मध्याला कुलूप लागलं. त्या वर्षी डिसेंबरात अजिंठा-वेरूळ उघडल्यावर यांनीही काही आठवडे उघडलं, मग पुन्हा बंद. ज्या चित्रकलेच्या सरांनी हे सगळं उभं केलं, ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर आत फारसं कुणी गेलंच नाही. आता मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष सुरू होतंय, म्हणून येत्या 17 सप्टेंबरला ध्वजवंदन झाल्यावर संग्रहालय लोकांसाठी खुलं करावं असं विश्वस्तांच्या मनात आहे. आत पैठण्या, हिमरूचे (रेशीम-सुताच्या विणीचे) शेले, बिदरीची चार-पाच भांडी, वाड्यातल्या माणसांची तैलचित्रं, सरांची स्वतःची जलरंगातली चित्रं आणि पोथ्यांची दोन कपाटं आहेत. सचिव असलेल्या ताईंनी विचारलंय की निर्जंतुकीकरण कसं करायचं, आणि महिनाभरात सगळं स्वच्छ करून दार उघडता येईल का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चारपैकी एकही दालन 17 सप्टेंबरला उघडू नका. त्या दिवशी काय करता येईल ते पुढे सांगतो, पण पैठणीचं कपाट आणि चित्रांचं दालन त्या दिवशी बंदच राहू द्या.

हे सांगायला कारण आहे. वस्तूंच्या जतनाचं काम करत मराठवाड्यात फिरताना मला तीस वर्षं होत आली. टाळेबंदीनंतर उघडलेली लहान संग्रहालयं मी बरीच पाहिली. बंद असण्याने नुकसान झालेलं होतंच. पण जे नुकसान कायमचं होतं, भरून न येणारं, ते बहुतेक ठिकाणी उद्घाटनाच्या आधीच्या आठ दिवसांत झालेलं होतं. पाहुणे येणार म्हणून झाडलोट निघते, दहा पोरं मदतीला येतात, ओली फडकी फिरतात, चकचकीत करायची अहमहमिका लागते. अडीच वर्षं जे टिकलं ते त्या आठ दिवसांत जातं.

निर्जंतुकीकरणाचंही तसंच. 2020 च्या हिवाळ्यात एका संग्रहालयात मला बोलावणं आलं ते फवारणी झाल्यावर. उघडायच्या आदल्या दिवशी कापसावर औषध मारायचा पाठीवरचा पंप घेऊन दोघं जण आले होते. टाकीत सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच. गल्ल्यांमध्ये मारत होते तसंच दालनातही मारलं. काचेच्या पेट्यांची झाकणं त्याच दिवशी पुसायला म्हणून काढून ठेवलेली होती. मी पोचलो तेव्हा एका बिदरी सुरईच्या काळ्याभोर अंगावर पांढुरके ठिपके उठलेले होते, पावसाचे पहिले थेंब धुळीवर पडावेत तसे. शेजारच्या हिमरूच्या गुलाबी जमिनीवर, थेंब पडला तिथे तिथे, रंगच नव्हता. खाली फक्त पिवळट सूत. ते गोल ठिपके मी बोटाने मोजत बसलो होतो, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उडालेला रंग कोणालाही परत आणता येत नाही.

बिदरीचं असं का होतं ते समजून घ्या, कारण तुमच्याकडे ती भांडी आहेत. बिदरीचा धातू मुळात जस्ताचा, त्यात थोडं तांबं. त्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून नक्षी भरतात. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात कालवून त्यावर चोळतात, त्याने जस्त काळं पडतं आणि चांदी तशीच राहते. म्हणजे तो काळा रंग वरचा एक पातळ थर आहे, आतपर्यंत काही नाही. क्लोरीन लागला की तो जातो. चिंच-मीठ लावलं की जातो. भांडी घासायच्या पावडरीने घासलं तर पाच मिनिटांत जातो, आणि उरतं राखाडी जस्त. बिदरीला कोरडा मऊ कपडा, बस्स.

आणि मुळात वस्तूंचं निर्जंतुकीकरण कशासाठी? अमेरिकेत 2020 मध्ये ग्रंथालयं आणि संग्रहालयांसाठी रीअल्म नावाचा प्रकल्प झाला. त्यात पुस्तकांची पानं, पुठ्ठा, कापड, धातू अशा कितीतरी गोष्टींवर कोरोनाचा विषाणू किती टिकतो ते प्रयोगशाळेत पाहिलं गेलं. कुठे दोन दिवस, कुठे आठवडा, एकावर एक गठ्ठ्यात ठेवलं तर थोडा जास्त. पण काही दिवसांतच तो सापडेनासा होतो. तुमची कपाटं अडीच वर्षं बंद आहेत. त्यांच्यावर कोरोना नाही, तेव्हा त्यांना काहीही लावायचं नाही. फरशी, दाराच्या कड्या, जिन्याचा कठडा, स्वच्छतागृह हे साबणाच्या पाण्याने धुवा-पुसा. हायपोक्लोराइटची बाटली उंबऱ्याच्या आतच येऊ देऊ नका. तिची वाफसुद्धा चांदीला आणि जरीला बाधते. तीच गोष्ट अतिनील किरणांच्या दिव्यांची. ते विषाणू मारतात, पण त्यांनी कापड आणि रंगही जळतात.

सॅनिटायझरबद्दल एक वाक्य: तो स्पिरिटच असतो, आणि तुमच्या वाड्याच्या दारांना, चौकटींना, जुन्या तसबिरींना लाखेचं पॉलिश असणार. लाख स्पिरिटात विरघळते. ओल्या हाताने कुणी चौकटीला टेकलं की पांढरा डाग. बाटली अंगणात, पायऱ्यांच्या खाली ठेवा. आत येईपर्यंत हात वाळतात.

लाखेवरून आठवलं, आणि हे आपल्याच भागातलं आहे म्हणून सांगतो. अजिंठ्याची चित्रं सुटून पडायला लागली तेव्हा निजाम सरकारने 1920 च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. दोन हंगाम ते इथे राबले. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवला, त्यामुळे कितीतरी चित्रं वाचली, हे खरंच. पण चित्रांवर संरक्षण म्हणून लाखेचा थर दिला गेला. तो पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ आणि काजळी चिकटली, आणि निळे-हिरवे रंग त्याखाली गडप झाले. तो थर हळूहळू, इंच-इंच करून काढण्यात पुढच्या पिढ्यांच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षं गेली. नावाजलेली माणसं होती, मनापासून काम करत होती, आणि काळही तसा होता. तरीही असं झालं. म्हणून मी कुणालाही सांगतो की जे लावलेलं परत काढता येत नाही, ते वस्तूला लावायचं नाही.

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी काय कराल? कुलूप उघडाल, दार लोटाल, आणि तिथेच पाच मिनिटं उभ्या राहाल. वास घ्या. कोंदट मातकट वास आला तर बुरशी. उग्र अमोनियासारखा आला तर वटवाघळं किंवा उंदीर. मग आत जाताना तोंडाला एन-95 मास्क लावा. राज्याने एप्रिल 2022 पासून मास्क ऐच्छिक केला, ते रस्त्यावर. बंद दालनात तो बुरशीच्या बीजाणूंसाठी आणि वटवाघळांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीसाठी लागतो. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला आत नेऊच नका. मुख्य बटण दाबू नका. उंदरांनी वायर कुरतडलेली असते, आणि माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घराला आग लागली तर काहीच उरत नाही. आधी वायरमन, मग दिवे. तोवर बॅटरीवर भागवा.

पहिल्या दिवशी कुणीही, काहीही हलवायचं नाही आणि झाडायचं नाही. नोंदवही, मोबाइल आणि दोन साक्षीदार घेऊन फक्त फिरायचं. जिथे जे दिसतं ते तसंच, कोळिष्टकासकट, फोटोत घ्यायचं. वस्तूवरचा क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहायचा. याला पंचनामा म्हणा हवं तर. एकदा साफसफाई झाली की कोणतं नुकसान आधीचं आणि कोणतं आपल्या हातचं हे कधीच कळत नाही. आणि एखादी वस्तू जागेवर नसेल तर तीही त्याच दिवशी कळायला हवी. तसं झालं तर आधी विश्वस्तांना कळवा, पोलिसांत फिर्याद द्या. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. "असेल कुठेतरी" म्हणून पुढे जाऊ नका.

नंतर छत पाहा. तुमचा वाडा माळवदाचा आहे. 2020 च्या ऑक्टोबरात आणि 2021 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो दोन्ही वेळा कुलूपबंद माळवदावर पडलेला आहे. दरवर्षी उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकून ठोकायचं काम झालं नसणार. वर गवत उगवलं असेल तर त्याच्या मुळ्यांच्या वाटेने पाणी आत आलेलंच आहे. पन्हाळ्या तुंबल्या असतील. आतून भिंतीवर ओलीची रेघ कुठवर चढली आहे तिथे खडूने खूण करा, शेजारी तारीख लिहा, आठ दिवसांनी पुन्हा पाहा. रेघ खडूच्या वर गेली तर ती भिंत अजून पाणी पितेय. तिच्यावर टांगलेलं चित्र आजच उतरवा.

17 सप्टेंबर नको म्हणतो ते याच्यासाठी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतला दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सकाळी ऐंशीच्या पुढे जातो. पासष्ट-सत्तरच्या वर काही दिवस राहिला की बुरशी धरते. त्यात ध्वजवंदनाला आलेली दोनशे मुलं ओल्या रेनकोटांसकट चार खोल्यांत शिरली की तासाभरात आतली हवा भिजते. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांमध्ये एका वेळी किती माणसं आत सोडायची यावर मर्यादा आहे ती काही उगाच नाही. माणसाचा श्वास म्हणजे वाफ आणि उष्णताच. वाड्याची खोली लेण्यापेक्षा लहान असते.

पाच-सातशे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो. दोन घ्या, एक आत ठेवा, एक ओसरीवर. रोज सकाळ-दुपार आकडे वहीत लिहायचं काम शिपाईमामांकडे द्या. ते सगळ्यात नेमाने करतील. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच खिडकी उघडायची. बहुतेकांची चूक इथे होते. कोंदट वास आला की ते भर पावसात खिडक्या सताड उघडतात, आणि बाहेरची ओल आत घेतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की उलट चूक होते. चार दिवसांत सगळं वाळवायच्या नादात लाकूड तडकतं, कॅनव्हास ताणला जातो आणि रंगाचे पोपडे सुटतात. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास, मग तास, मग दोन तास. आजाऱ्याला उठवून बसवतो तितक्याच सावकाश.

किडीचं सांगतो. यात माझा एक साधा उपाय आहे, तो मी सगळ्यांना शिकवतो. दुकानातून काळ्या कार्डशीट आणा. प्रत्येक लाकडी चौकटीखाली, कोरीव खांबाखाली, पोथ्यांच्या कपाटाच्या पायाशी एक-एक तुकडा ठेवा. आधीची भुकटी मऊ ब्रशने झटकून घ्या, तारीख टाका आणि चार दिवस खोलीत कुणी जाऊ नका. पाचव्या दिवशी गुडघ्यावर बसून बॅटरीचा झोत जमिनीलगत आडवा मारा. काळ्या कागदावर मैद्यासारखी बारीक, फिकट भुकटीची ढिगुली पडलेली दिसली, तर वरच्या लाकडात भुंगा आत्ता, जिवंत, काम करतोय. काही दिसलं नाही तर ती भोकं बहुधा जुनी आहेत, ती कीड मेली किंवा गेली. हा फरक कळणं फार मोलाचं असतं, कारण मेलेल्या किडीवर लोक हजारो रुपयांची औषधं मारतात. जिवंत निघाली तर ती चौकट जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, वेगळ्या खोलीत ठेवा आणि जाणकाराला बोलवा. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचं मूळ पायाच्या मातीत असतं, तिथे उपचार वेगळा. नळी नुसती पुसून टाकली की ती दुसरीकडून वर येते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, कपाटात ठेवू नका. गावात सहज मिळतात, आणि "कीड मरते ना" म्हणून कुणीतरी सुचवणारच. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो. वस्तूंचं म्हणाल तर तांबं आणि चांदीसुद्धा त्याने खराब होते. म्हणजे तुमच्या पैठणीची जर आणि बिदरी दोन्ही. डांबरगोळ्याही काढून टाका. पोथ्यांमध्ये पूर्वी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवत, तीच पद्धत चांगली. फक्त पुरचुंडी पानांना टेकू देऊ नका. पोथी ज्या लाल फडक्यात बांधलेली आहे ते फडकं जुनं म्हणून फेकू नका. गाठ सोडताना फडक्याच्या आतल्या बाजूला काही लिहिलंय का पाहा. बऱ्याचदा घराण्याचं नाव तिथेच असतं. पानं हाताला जाड, खडबडीत, किंचित पिवळसर लागली तर तो दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद असू शकतो. तो चिवट असतो, त्याला भिऊ नका. चिकटलेली पानं मात्र सुरीने सोडवायला जाऊ नका.

पैठणीविषयी तुम्हाला मी काय सांगणार! घरातल्या बायका वर्षातून दोन-तीनदा पैठणी काढायच्या, वारं द्यायच्या, आणि पुन्हा ठेवताना घडी मोडून वेगळ्या जागी घालायच्या. हे जतनशास्त्रच आहे. एकाच रेषेवर रेशीम वर्षानुवर्षं दुमडलेलं राहिलं तर ते तिथे चिरतं, आणि जरीची तार तर त्याहून आधी तुटते. तुमच्या पैठण्यांची घडी अडीच वर्षं मोडलेली नाही. म्हणून घाईने उलगडू नका. मोठं टेबल घ्या, त्यावर धुतलेलं, खळ काढलेलं मांजरपाट अंथरा. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. पदर दोघींनी दोन्ही टोकांना धरायचा आणि घडी उचलायची नाही, सरकवायची. घडीच्या रेषेवर बोट न लावता आडवा उजेड टाकून पाहा. तिथे रेशीम पांढुरकं, विरलेलं दिसलं तर ती पैठणी पुन्हा उभी टांगायची नाही, कधीच. ती आडवी दाखवायची किंवा मांजरपाटात गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळायची, जरीची बाजू बाहेर. काळी पडलेली जर चकचकीत करायचा मोह आवरा. तो चांदीवरचा गंज आहे, आणि तो घासताना चांदीही जाते.

तैलचित्रांच्या मागे आधी पाहा. पुढून सगळं ठीक दिसतं आणि मागे कुंभारमाशीची घरटी, पालीची अंडी, भिंतीची ओल. घरटं ओढून काढू नका, ते कॅनव्हास घेऊन येतं. चित्र पुन्हा टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे जाड तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळेल. रंग सुटलेला दिसला तर चित्र तोंड वर करून सपाट ठेवा आणि तिथेच थांबा. ओलं फडकं, बटाटा, पाव, खोबरेल तेल, यातलं काहीही नाही. पुढचं काम प्रशिक्षित माणसाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र आहे, लखनौची राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा आहे. पत्र लिहा, सोबत फोटो जोडा. पंचनाम्याचे फोटो इथे कामाला येतात.

सरांच्या जलरंगांचं एक बरं झालं. अडीच वर्षं अंधारात राहिल्याने त्यांना विश्रांती मिळाली. उजेडाने रंग उडतो, आणि ते नुकसान साठत जातं. आज थोडा, उद्या थोडा, आणि रात्री दिवे मालवले म्हणून तो भरून येत नाही. जलरंग आणि कापडासाठी 50 लक्स उजेड पुरेसा धरतात. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला 1 लाख 20 हजार लक्स-तास. खिडकीजवळ सहज 300 लक्स असतो. तिथे टांगलं तर हाच आकडा 7 लाख 20 हजार. म्हणजे सहा वर्षांचा उजेड एका वर्षात. त्यामुळे सरांची सगळी चित्रं एकदम लावू नका. दहा लावा, तीन महिन्यांनी बदला. लोकांनाही पुन्हा यायला निमित्त होतं. खिडक्यांना जाड मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावा.

आता 17 सप्टेंबर. तो दिवस सोडायचा नाही, कारण लोकांना संग्रहालय आपलं वाटण्यासाठी त्याच्याइतका चांगला दिवस नाही. ढाळज (वाड्याच्या दारातली पडवी) आणि अंगण उघडा. ढाळजेत मूळ वस्तू ठेवू नका. आतल्या वस्तूंचे पंचनाम्यात काढलेले फोटो मोठे छापून लावा, जळमटांसह, गळक्या छतासह. लोकांना दाखवा की आत काय आहे आणि आत्ता त्याची काय अवस्था आहे. आणि एक टेबल, दोन खुर्च्या, एक जाड वही आणि आवाज टिपायला एक मोबाइल ठेवा.

हे टेबल मला त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यातले लहान संग्रह बहुतेक एकेका माणसाच्या ध्यासावर उभे राहिले. तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे शेतात, गढीच्या उतारावर, पावसानंतर उघड्या पडलेल्या मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी गोळा करत राहिले म्हणून प्राचीन तगर नगराचा तो ठेवा आज शासनाच्या संग्रहालयात आहे. तुमच्या सरांनीही तसंच केलं. तुमच्या नोंदवहीचं पान तुम्ही पाठवलंत, त्यात लिहिलंय: "पैठणी, जुनी, एक." बस्स. ती कोणाच्या घरातली, कोणत्या लग्नातली, का दिली, हे सरांच्या डोक्यात होतं, आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. मला याचं फार वाईट वाटतं. त्या महामारीत आपल्या गावोगावी अशी माणसं गेली, आणि त्यांच्यासोबत वस्तूंची ओळख गेली. बुरशी काढता येते. ही ओळख मात्र आत्ता, जाणती माणसं आहेत तोवरच गोळा करता येईल.

म्हणून त्या टेबलाशी सरांच्या जुन्या विद्यार्थिनीला बसवा. जो कोणी म्हणेल "ही सुरई आमच्या आजोबांनी दिली होती" त्याला खुर्ची द्या, फोटोसमोर बसवा आणि बोलू द्या. मध्ये तोडू नका. फोटोचा क्रमांक, सांगणाऱ्याचं नाव, तारीख लिहा. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, कोणती खरी ते नंतर पाहू. शिपाईमामांना विसरू नका. वस्तू वाड्यात आल्या तेव्हा त्या उचलून आणणारे हात बहुतेक त्यांचेच असतील. त्यांना वेगळी दुपार द्या, आणि प्रत्येक दालनात घेऊन फिरा. माणसाला जागेवर गेलं की आठवतं.

पूर्ण संग्रहालय दिवाळीनंतर उघडा. तेव्हा हवा कोरडी आणि थंड झालेली असते, माळवद वाळलेलं असतं, आणि शाळा सहामाही परीक्षेतून मोकळ्या असतात. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीनच दिवस ठेवा, एका दालनात एका वेळी पंधरा माणसं. ही मर्यादा कोरोनासाठी म्हणून घातलेली अनेक संग्रहालयांनी पुढे उठवली. तुम्ही ठेवा. पंधरा जणांत प्रत्येकाला पैठणीचा पदर जवळून दिसतो, साठ जणांत फक्त पुढच्याची पाठ दिसते. टाळेबंदीत चौथीत असलेली मुलं आज सातवीत आहेत. चौथीतली ती सहल त्यांची झालीच नाही. त्या सातवीच्या वर्गांना सगळ्यात आधी बोलवा. महत्त्वाच्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी.

काळे कागद या सोमवारी ठेवा. शुक्रवारी त्यांचे फोटो पाठवा, प्रत्येकाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे भुकटीचा ढीग केवढा ते मला कळेल. सरांच्या खोलीतल्या त्या मोठ्या तैलचित्राच्या मागचाही एक फोटो घ्या, पण ते दोघांनी धरूनच उतरवा.